गावात नागरिक मंच कसा उभारावा: मराठवाड्यातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

वस्तीतल्या सिमेंट रस्त्याला पहिल्याच पावसाळ्यात भेगा पडतात, नळयोजनेची टाकी उभी राहते पण तोटीला पाणी येत नाही, आरोग्य उपकेंद्राला दिवसेंदिवस कुलूप असते, आणि या सगळ्याची चर्चा पारावर रोज रंगते. परंतु त्या चर्चेतले एकही वाक्य कागदावर उतरत नसल्यामुळे उत्तर देण्याची वेळ कोणावरच येत नाही. ही चर्चा कागदावर आणणारा, ज्याच्या सहीने पैसा खर्च झाला त्याच्यापर्यंत ती पोहोचवणारा आणि उत्तर मिळेपर्यंत पिच्छा न सोडणारा गावकऱ्यांचा गट म्हणजे नागरिक मंच. त्याला मोठे नाव, लेटरहेड किंवा उद्घाटन लागत नाही.

मराठवाड्याला आंदोलन नवीन नाही. हैदराबाद मुक्तिसंग्राम, १९७४ चे विकास आंदोलन, पुढे नामांतराचा लढा, दुष्काळात निघणारे मोर्चे अशी परंपरा आपल्या आठही जिल्ह्यांत आहे. मोर्चा काढणे आपल्याला चांगले जमते. दप्तर उघडून त्यातला आकडा जागेवर जाऊन ताडून पाहणे मात्र अजून तितकेसे अंगवळणी पडलेले नाही, आणि मोर्चापुढे आश्वासन देऊन सुटणारा अधिकारी, ज्या मोजमापांवरून बिल निघाले त्या मोजमाप पुस्तिकेच्या प्रतीपुढे सहजासहजी सुटत नाही. म्हणून या लेखाचा भर दप्तरावर आहे.

माणसे जमवणे

सुरुवातीला पाच ते आठ माणसे पुरेत, मात्र ती एकाच भावकीतली किंवा एकाच गल्लीतली नसावीत. बचत गटातली एखादी बोलकी बाई, तांड्यावरचा किंवा दलित वस्तीतला एखादा जबाबदार माणूस, निवृत्त शिक्षक, मोबाइलवर अर्ज भरता येणारा तरुण आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरातले एक जण अशी जुळवाजुळव झाली, तर गावातला कोणता प्रश्न कोणाला किती जाचतो हे बाहेर विचारत फिरावे लागत नाही.

मंचाची चाहूल लागताच सर्वांत आधी कोण येईल, तर मागच्या निवडणुकीत पडलेल्या पॅनलचे लोक. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नसली तरी गावात पॅनल असतेच, आणि हरलेल्या पॅनलला सत्ताधाऱ्यांचे दप्तर तपासण्यात असलेला रस समजण्यासारखा आहे. त्यांना हाकलून देऊ नये, कारण त्यांच्याकडे माहिती असते; परंतु पहिल्याच बैठकीत असा लेखी नियम करावा की निवडणूक लढवू इच्छिणाऱ्याने अर्ज भरण्याआधी मंचाच्या कामातून बाजूला व्हावे, आणि मंचाने तपासायच्या कामांत विद्यमान सरपंचांच्या काळातल्या कामाबरोबर आधीच्या सरपंचांच्या काळातलेही एक काम घ्यावे. एवढ्याने निम्मा संशय गळून पडतो. उरलेला निम्मा वर्षभराच्या वागण्यातून जातो, त्याला दुसरा उपाय नाही.

नोंदणीची घाई करू नये. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात, मग घटना, वार्षिक हिशेब, धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या हे सगळे मागे लागते. माहिती मागण्यासाठी, ग्रामसभेत बोलण्यासाठी किंवा तक्रार देण्यासाठी नोंदणीची गरज नाही. उलट माहितीचा अधिकार कायद्याने नागरिकाला दिलेला आहे, त्यामुळे अर्ज मंचाच्या नावाने न करता सदस्याने स्वतःच्या नावाने करावा. मंचाच्या नावाचा अर्ज फेटाळण्याचे निमित्त आपण होऊन कशाला पुरवायचे?

मंचाला सुरुवातीला लागते ती एक जाड, पाने क्रमांकित केलेली वही. तिच्यात प्रत्येक अर्ज कोणत्या तारखेला, कोणत्या कार्यालयात, कोणाच्या नावाने दिला, पोच मिळाली का आणि उत्तराची मुदत कधी संपते हे लिहावे. सरकारी कार्यालयात जशी आवक-जावक नोंदवही असते तशीच ही. पोच घेतल्याशिवाय दिलेला अर्ज दिलाच नाही असे समजावे. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेऊनच उठावे, आणि कोणी टाळाटाळ केली तर वाद न घालता तोच अर्ज पोचपावतीसह टपालाने पाठवावा.

पहिला प्रश्न कोणता घ्यावा

नवख्या मंचाने पहिल्याच वर्षी गायरान जमिनीवरचे अतिक्रमण, वाळूचा उपसा किंवा घरकुलाची यादी हातात घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण पहिल्या दोहोंत हितसंबंध मोठे असतात आणि तिसऱ्यात निम्मे गाव दुखावले जाते. पहिला प्रश्न असा निवडावा की जो टेपने, बादलीने किंवा घड्याळाने मोजता येईल, ज्याचा लाभ एका कुटुंबाला नव्हे तर वस्तीला होईल, आणि ज्याची जबाबदारी कोणत्या कार्यालयाची हे स्पष्ट असेल.

पाण्याचेच पाहा. जल जीवन मिशनमध्ये, ज्याची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली, ग्रामीण भागात दरमाणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे प्रमाण ठरलेले आहे. पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर झाले. आता समजा, तुमच्या वस्तीत दर चार दिवसांनी एकदा अर्धा तास पाणी येते आणि वीस लिटरची बादली भरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे अर्ध्या तासात साडेसात बादल्या, दीडशे लिटर; आणि प्रमाणानुसार त्या घराला चार दिवसांचे मिळायला हवे होते अकराशे लिटर. वस्तीच्या वरच्या टोकाची, मधली आणि शेवटची अशी दहा-बारा घरे घेऊन महिनाभर अशा नोंदी ठेवल्या, की “आम्हाला पाणी येत नाही” या तक्रारीच्या जागी कनिष्ठ अभियंत्याला उत्तर द्यावेच लागेल असा तक्ता तयार होतो. शेवटच्या घराचा आकडा फारच कमी निघाला तर दोष उद्भवात, म्हणजे पाण्याच्या मूळ स्रोतात, नसून वाहिनीत किंवा वाटपात आहे, हेही त्याच तक्त्यातून कळते. टँकरच्या दिवसांत टँकरच्या खेपांची अशीच नोंद ठेवावी: तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, कोठे रिकामा केला.

याच धर्तीवर स्वस्त धान्य दुकानातले वाटप (अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो), शाळेतल्या पोषण आहाराची चव नोंदवही, उपकेंद्राचे उघडण्याचे दिवस हे विषय पहिल्या वर्षासाठी चांगले आहेत. शाळेचा प्रश्न असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात हे ध्यानात ठेवावे. अनेकदा आपण समितीवर आहोत हे त्या पालकांनाच ठाऊक नसते.

कागद मिळवणे

माहिती अधिकाराचा अर्ज हे पहिले पाऊल नसावे. कितीतरी माहिती आधीच उघड असते. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचे नाव निवडले की विकास आराखड्यात कोणती कामे धरली आणि किती खर्च दाखवला ते दिसते. २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी असलेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत पाणी व स्वच्छतेसाठी बंधित भाग साठ टक्के आणि अबंधित चाळीस टक्के अशी विभागणी होती. तेव्हा पाण्यासाठी पैसाच नव्हता असे कोणी म्हटले तर आधी बंधित निधी कशावर गेला हे पाहावे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याच्या तोंडाशी फलक असतो आणि त्या रस्त्याची पाच वर्षांची देखभाल गुत्तेदाराकडेच असते. फलकाचा फोटो काढून ठेवावा. फलक पडतात, नाहीसे होतात.

त्यानंतरची पायरी म्हणजे अभिलेख प्रत्यक्ष पाहणे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तर व त्याखालील कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. ही सोय फार थोड्यांना माहीत आहे. दोघांनी मिळून जावे, एकाने पाने पाहावीत आणि दुसऱ्याने टिपणे घ्यावीत. ग्रामपंचायतीत नमुना ५ म्हणजे रोकडवही आणि नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही या दोन वह्या ओळखता आल्या तरी सुरुवातीला पुरे. रोकडवहीत तारीख, रक्कम कोणाला दिली आणि प्रमाणक (व्हाउचर) क्रमांक एवढेच उतरवून घ्यावे. बाकीचे प्रमाणकात सापडते.

एवढे झाल्यावर अर्ज लिहावा, म्हणजे तो नेमका होतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ प्रमाणे आपल्या राज्यात अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये करतात, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात; दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली की शुल्क लागत नाही. अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा, असा राज्याचा नियम आहे. रस्त्याच्या कामासाठी मजकूर असा असू शकतो:

“विषय: मौजे (गावाचे नाव) येथील (वस्तीचे नाव) अंतर्गत सिमेंट काँक्रीट रस्त्याचे काम. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५. आवश्यक माहिती: सदर कामाचा प्रशासकीय मान्यता आदेश, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, साहित्य चाचणी अहवाल, अदा केलेली देयके व काम पूर्णत्वाचा दाखला यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात.”

या अर्जात “का” हा शब्द कोठेही नाही, याकडे लक्ष द्यावे. रस्ता निकृष्ट का झाला, याचे उत्तर जन माहिती अधिकारी देण्यास बांधील नाही. त्याच्याकडे असलेला कागद देण्यास तो बांधील आहे. तसेच अर्जात आरोप करू नयेत. “भ्रष्टाचाराची माहिती द्या” असे लिहिलेले अर्ज मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि “अशी माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही” हे त्यांना गेलेले उत्तर कायद्याच्या भाषेत अगदी बरोबर असते.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवक (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) हे जन माहिती अधिकारी असतात. मोजमाप पुस्तिका मात्र बहुधा बांधकाम उपविभागाकडे सापडते. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तरी तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याची जबाबदारी त्यांची आहे. उत्तराची मुदत तीस दिवस. प्रतींचे शुल्क पानाला दोन रुपये, आणि मुदत उलटून गेल्यावर दिलेली माहिती विनाशुल्क द्यावी लागते. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर तीस दिवसांत वीस रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह प्रथम अपील करावे, ज्याचा निकाल तीस आणि फार तर पंचेचाळीस दिवसांत लागला पाहिजे. त्यापुढे नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. आपल्या विभागासाठी आयोगाचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. दंडाची तरतूद दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये अशी असली तरी दुसऱ्या अपिलाची सुनावणी लागेपर्यंत बराच काळ लोटतो, म्हणून दुसऱ्या अपिलावर सगळी भिस्त ठेवू नये. प्रथम अपिलाच्या सुनावणीला मात्र आवर्जून हजर राहावे. गठ्ठा बगलेत घेऊन आलेला ग्रामसेवक आणि समोर वही उघडून बसलेले तुम्ही दोघे, अशा वेळी अधिकाऱ्यादेखतच निम्मे कागद मिळून जातात.

एक सावधगिरी बाळगावी. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ ने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहितीच्या अपवादाची शब्दरचना बदलली आहे, त्यामुळे लाभार्थ्यांची नावे किंवा कर्मचाऱ्यांचा तपशील मागितल्यास नकार मिळण्याची शक्यता वाढली आहे. कामाचे कागद मागताना ही अडचण फारशी येत नाही. तरीही नकार आलाच तर अपिलात कलम ८(२) चा, म्हणजे व्यापक लोकहिताचा, मुद्दा मांडावा.

जागेवर ताडून पाहणे

मंचाचे खरे काम येथे होते, आणि बहुतेक मंच येथेच कंटाळतात. मोजमाप पुस्तिकेचे पान हाती आले की त्यात लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण असे रकाने दिसतील. समजा, त्यात १२० मीटर लांबी, ३ मीटर रुंदी आणि ०.१५ मीटर जाडी लिहून ५४ घनमीटर काँक्रीटचे बिल काढले आहे. पन्नास मीटरचा टेप घेऊन भर दुपारी नव्हे तर सकाळी, लोक घरी असताना जावे, वस्तीतल्या दोन-तीन घरांच्या माणसांना टेपचे टोक धरायला बोलवावे आणि लांबी मोजावी. रुंदी एकाच ठिकाणी न मोजता दर वीस मीटरवर मोजून सरासरी काढावी. जाडी मोजणे अवघड असते: रस्त्याची कड बाहेरून पुरेशी जाड दिसावी अशी भरलेली असू शकते, त्यामुळे कडेची मोजणी पुरावा धरू नये. नळाच्या जोडणीसाठी रस्ता कोठे फोडला असेल, नालीच्या बाजूला कोठे उघडा पडला असेल, अशा ठिकाणी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढावा. त्या उघड्या जागी जाडी दहा सेंटिमीटर भरली आणि सगळा रस्ता तसाच असेल, तर बिलातले १८ घनमीटर काँक्रीट रस्त्यात पडलेलेच नाही असा अर्थ होतो. मात्र तसे जाहीर न करता “या या ठिकाणी जाडी दहा सेंटिमीटर आढळली, तरी सक्षम अभियंत्याकडून काँक्रीटचा गाभा (कोअर) काढून तपासणी व्हावी” एवढेच लिहावे. स्वतः पहार घेऊन रस्ता उकरू नये, सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा गुन्हा अंगावर येईल. कायद्यानुसार कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने मागण्याचा अधिकार अर्जदाराला आहे, तो वापरावा.

मोजणी झाल्याबरोबर तिथेच साधा पंचनामा लिहावा: तारीख, वेळ, कोण हजर होते, काय मोजले, किती भरले, सह्या. घरी जाऊन लिहू म्हटले की आकडे बदलतात आणि सह्या करणाऱ्यांचा धीरही ओसरतो.

काम बिलाप्रमाणे बरोबर निघाले, तर तेही तितक्याच ठळकपणे ग्रामसभेत सांगावे. ग्रामसेवकाला आणि सरपंचांना मंच आपल्या वाईटावर टपलेला नाही हे त्यातून जितके पटते, तितके कोणत्याही चहापानातून पटत नाही.

ग्रामसभा

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रघात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर असा आहे. बीड, धाराशिव, जालना या भागांतल्या मंचाने या चार तारखांकडे वेगळ्या नजरेने पाहिले पाहिजे. दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडलेली कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे २६ जानेवारीच्या सभेला गावातला सर्वांत गरजू भाग नेमका कारखान्यांच्या तळावर असतो. त्यांच्या घरकुलाचे, रेशनचे, मुलांच्या शाळेचे प्रश्न १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सभेतच मांडायला हवेत. योगायोगाने २ ऑक्टोबरपासूनच पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची मोहीम सुरू होते, त्यामुळे वर्षातून एकाच सभेवर सगळी ताकद लावायची असेल तर ती हीच.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघाली पाहिजे, दवंडी झाली पाहिजे. आपला विषय आयत्या वेळी न मांडता नोटीस निघण्याआधीच लेखी देऊन विषयपत्रिकेत घालून घ्यावा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. ते न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. याचा फायदा घेऊन रिकाम्या चावडीत मोठमोठे ठराव पास होतात. मंचाचे पहिले काम म्हणूनच माणसे आणणे हे आहे, आणि त्यासाठी वस्तीनिहाय जबाबदारी वाटून घ्यावी लागते.

महिलांची सभा ग्रामसभेआधी घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती कागदावर उरकली जाते. ती खरोखर भरवून दारूबंदी, पाणी, अंगणवाडी यांचे ठराव तेथे करून घेतले, तर मुख्य सभेत ते डावलणे सरपंचांना जड जाते.

हजेरी वहीकडे लक्ष असू द्यावे. सह्यांच्या मध्ये किंवा शेवटी रिकाम्या ओळी ठेवून नंतर घरोघरी सह्या गोळा करण्याची रीत सर्रास आहे. सभा संपताच शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारून एकूण संख्या अक्षरी लिहावी असा आग्रह धरावा, आणि त्या पानाचा फोटो घ्यावा. इतिवृत्ताचेही तसेच: ठराव सभेत मोठ्याने वाचून दाखवला जावा आणि त्याच वेळी लिहिला जावा. ठरावाची भाषा मोघम नको. “रस्त्याच्या कामाची चौकशी व्हावी” या ठरावातून काहीच निघत नाही. “अमुक वस्तीतील सिमेंट रस्त्याच्या जाडीची तपासणी पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याने ग्रामस्थांसमक्ष तीस दिवसांत करावी व तोपर्यंत सुरक्षा अनामत परत करू नये” असा ठराव झाला की गटविकास अधिकाऱ्यांना त्यावर काहीतरी लिहावे लागते.

वरच्या पायऱ्या

ठरावाची प्रत आणि पंचनामा घेऊन गटविकास अधिकारी, तेथे महिनाभरात हालचाल झाली नाही तर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, असा क्रम ठेवावा. एकदम मुख्यमंत्र्यांना निवेदन पाठवण्यात अर्थ नसतो. ते फिरत फिरत त्याच पंचायत समितीत येते, फक्त वर “योग्य त्या कार्यवाहीसाठी” असा शेरा वाढलेला असतो. स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप मागवून घ्यावेत. मंचाला आढळलेली गोष्ट लेखापरीक्षकाने आधीच लिहून ठेवलेली असली तर काम निम्मे झाले.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. त्यासाठी अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची असावी लागते, ही अट न वाचताच लोक सार्वजनिक निवेदन घेऊन जातात आणि परत येतात. वस्तीच्या पाण्याचा प्रश्न न्यायचा असेल तर एका कुटुंबाने आपल्या जोडणीची तक्रार म्हणून न्यावा आणि सोबत तक्ता जोडावा.

दाखले, उतारे, फेरफार यांसारख्या अधिसूचित सेवांची मुदत महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली ठरलेली आहे. मुदत उलटल्यास अपील होते आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्ज ऑनलाइन किंवा पोचपावतीसह केलेला असेल तरच हे सगळे लागू पडते, तोंडी विचारणाऱ्यासाठी हा कायदा नाही.

जनसुनावणी

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरपासून गावोगाव जनसुनावण्या घेऊन हजेरीपट आणि बिले लोकांसमोर मोठ्याने वाचली, आणि माहिती अधिकाराच्या मागणीने त्यातून जोर धरला. आपल्याकडचा जवळचा दाखला धाराशिवचा आहे. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा राज्यातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत, पुणे, ठाणे, नंदुरबार व अमरावतीबरोबर, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा होता. गावाने उपकेंद्राचे प्रगतिपत्रक भरायचे आणि जनसुनावणीत डॉक्टर व अधिकाऱ्यांसमोर मांडायचे, अशी ती पद्धत होती.

नव्या मंचाने जनसुनावणीची घाई करू नये. किमान चार-पाच गावांची मोजलेली, सह्या असलेली प्रकरणे हाती असतील तेव्हाच ती घ्यावी. तालुक्याच्या ठिकाणी, बाजाराच्या दिवशी घेतली तर माणसे वेगळी आणावी लागत नाहीत. संबंधित अधिकाऱ्यांना पंधरा दिवस आधी लेखी निमंत्रण आणि सोबत प्रकरणांची यादी द्यावी, म्हणजे “मला आत्ताच कळले” म्हणायला वाव राहत नाही. ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी काढावी. व्यासपीठावर पुढाऱ्यांऐवजी वकील, निवृत्त मुख्याध्यापक, डॉक्टर अशी तीन-चार माणसे बसवावीत. बोलणाऱ्याला तीन मिनिटे, अधिकाऱ्याला उत्तरासाठी तेवढीच, आणि प्रत्येक उत्तराच्या शेवटी तारीख: दुरुस्ती केव्हापर्यंत, चौकशी कोण करणार. आशाताई, परिचारिका, ग्रामसेवक यांना भर सभेत घेरण्याचा मोह आवरावा. उपकेंद्रात औषध नसेल तर त्याचे उत्तर जिल्ह्याच्या ठिकाणी असते, आणि समोर सापडला म्हणून कनिष्ठ कर्मचाऱ्याला झोडपले की पुढच्या वेळी खरी माहिती देणारा माणूसच आपण गमावतो.

तोडपाणी, पैसा आणि धोका

“माहिती अधिकारवाला” हा शब्द आपल्याकडे टिंगलीचा झाला आहे, आणि त्याला काही अर्जदारही जबाबदार आहेत. अर्ज करायचा, गुत्तेदाराकडून पाकीट घ्यायचे आणि अर्ज मागे घ्यायचा, हा धंदा लोकांना माहीत असतो. म्हणून अर्ज कोणत्याही परिस्थितीत मागे घेतला जाणार नाही असा नियम करून तो ग्रामसभेत जाहीर करावा. गुत्तेदाराला किंवा अधिकाऱ्याला एकट्याने भेटू नये, ढाब्यावर तर मुळीच नाही. भेट झालीच तर त्याच दिवशी वहीत नोंद करावी. स्टॅम्प, झेरॉक्स, प्रवास यांचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून भागवावा आणि त्याचा हिशेब दर महिन्याला पारावर लावावा. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याला हे टाळता येत नाही.

धोका खरा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि खंडणीला विरोध हे त्यामागचे कारण तपासात पुढे आले, हे सर्वांना ठाऊक आहे. वाळू, पवनचक्क्या, वीज केंद्रातली राख, मोठ्या गुत्तेदाऱ्या असे विषय एका गावाच्या मंचाने एकट्याने घेऊ नयेत. ते तालुक्यातल्या अनेक गावांनी, वकिलांनी आणि पत्रकारांनी मिळून घ्यायचे. एकाच कामाचे कागद तीन-चार जणांनी वेगवेगळ्या अर्जांनी मागवावेत, प्रती गावाबाहेरही ठेवाव्यात, म्हणजे एका माणसाला गप्प केल्याने काही साधत नाही. धमकी आली तर ती तोंडी न ठेवता पोलीस ठाण्यात लेखी द्यावी आणि त्याची एक प्रत पोलीस अधीक्षकांकडे पाठवावी.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने वर्षाची आखणी अशी ठेवावी. जून-जुलैत माणसे जमवून प्रश्न निवडावा, सोमवारची अभिलेख पाहणी सुरू करावी आणि अर्ज करावा. १५ ऑगस्टच्या सभेत फक्त विषय मांडून ठेवावा. अपील आणि जागेवरची मोजणी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत उरकून विषय लेखी द्यावा, म्हणजे २ ऑक्टोबरच्या नोटिशीत तो येईल. ऊसतोडीला जाणाऱ्या सदस्याकडची वही आणि कागद त्याने टोळी निघण्याआधी दुसऱ्याच्या हवाली करावेत, आणि तसा शेरा वहीत दोघांच्या सह्यांनी घालावा.